चार तांबड्या रेघा आणि एक मोठे पान : धुळ्यातील गायनपोथी कार्यशाळेविषयी

मध्ययुगीन युरोपातील मठांमध्ये लॅटिन भाषेतील उपासनागीतांच्या सजवलेल्या हस्तलिखित पोथ्या कशा तयार होत असत, या विषयावर एप्रिल महिन्यात धुळ्यातील एका शाळेच्या सभागृहात दोन दिवसांची कार्यशाळा झाली. शुल्क २,२०० रुपये होते आणि त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, साहित्याची एक पेटी आणि शेवटी घरी नेण्यासाठी स्वतः लिहिलेले एक पान, असे सारे धरलेले होते. शिरपूर, अमळनेर, नंदुरबार आणि जळगाव येथून मिळून आम्ही अठरा जण आलो होतो. माझा व्यवसाय पुस्तकबांधणीचा आहे आणि संध्याकाळी आमच्या गल्लीतील भजनी मंडळात मी गातो. या दोन्ही कामांमुळे या विषयाकडे मी काही ठाम अपेक्षा बाळगून गेलो होतो आणि पुढील अभिप्राय त्या अपेक्षांच्या मापानेच दिलेला आहे.

माझी मुख्य अपेक्षा अशी होती की या पोथ्या गाण्यासाठी आहेत, हे कार्यशाळेत क्षणभरही विसरले जाऊ नये. सोने, लाजवर्दी निळा, वेलबुट्टी आणि अक्षरात बसवलेली माणसे पाहून आपण त्यांना चित्रांची पुस्तके समजतो. मात्र मिस्साची, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीची, गीते असलेली ग्रॅज्युअल ही पोथी आणि दिवसरात्रीच्या प्रहरांच्या प्रार्थनेची गीते असलेली अँटिफोनरी ही पोथी, या दोन्ही मठातील रोजच्या वापराच्या वस्तू होत्या. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमांप्रमाणे दीडशेच्या दीडशे स्तोत्रे आठवड्याभरात म्हणून पूर्ण करायची असत. पहाटेच्या अंधारात, दिव्याच्या उजेडात, एका उंच पोथीपीठावर उघडून ठेवलेल्या एकाच पोथीतून सगळा मेळा गात असे. म्हणून उत्तर मध्ययुगातील या पोथ्या दोन-दोन फूट उंचीच्या झाल्या आणि त्यांतील अक्षर बोटभर मोठे झाले. पानावरची जवळजवळ प्रत्येक सजावट या गरजेतून समजून घेता येते, आणि ती तशी समजावून सांगितली जाते की नाही, ही माझी कसोटी होती.

पहिल्या दिवशीची सकाळ चर्मपत्रासाठी राखलेली होती आणि संपूर्ण कार्यशाळेतील तो सर्वोत्तम भाग होता, असे मी निःशंकपणे म्हणेन. मार्गदर्शकांनी बकऱ्याचे एक कातडे आठ दिवस चुन्याच्या निवळीत भिजवून, केस काढून आणलेले होते. ते ओले असतानाच लाकडी चौकटीवर ताणायचे असते. कातड्याच्या कडेला खिळा मारला तर ते फाटते, म्हणून कडेच्या घडीत लहान गोटा गुंडाळायचा, त्याच्या मानेला दोरी बांधायची आणि ती दोरी चौकटीच्या खुंटीला पिळत न्यायची. मग अर्धचंद्राकृती पात्याच्या सुरीने ते ताणलेले कातडे दोन्ही बाजूंनी खरवडत जायचे, वाळत जाईल तशा खुंट्या पुन्हा पिळायच्या आणि पुन्हा खरवडायचे. कमावलेले चामडे आणि चर्मपत्र यांत फरक असा की चर्मपत्राला कमावण्याचा कस लावत नाहीत. ताणाखाली वाळल्यामुळेच ते पांढरे, ताठ आणि लिहिण्याजोगे होते.

आमच्यात ढोलकी आणि पखवाज मढवणारे एक कारागीर होते. त्यांनी चौकटीजवळ जाऊन कातड्याला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हाई ते आमनंच काम शे." खरोखरच वाद्याची पुडी आणि पोथीचे पान यांची जात एकच आहे, कारण दोन्ही न कमावलेली, ताणून वाळवलेली कातडी आहेत. पावसाळ्यात पुडी उतरते तसेच हे पानही दमट हवेत फुगते आणि वाकते, असे त्यांनी लगेच सांगितले. जुन्या लाकडी फळ्यांच्या बांधणीला धातूचे चाप का असत, हे मला वर्षानुवर्षे ठाऊक होते, पण त्यामागचे कारण हाताला कळले ते त्या क्षणी. चाप नसले तर चर्मपत्राची पोथी हवा बदलताच आपोआप उघडू लागते.

एका ठिकाणी खरवडताना सुरी किंचित जास्त लागली आणि चिमूटभर चीर पडली. चौकटीच्या ताणाने ती आमच्या डोळ्यांदेखत रुंदावत गेली आणि दहा मिनिटांत तिचे बदामाएवढे लंबगोल भोक झाले. जुन्या पोथ्यांत अशी भोके दिसतात आणि लेखनिकाने शब्द त्यांच्या कडेने वळसा घालून लिहिलेले असतात. मार्गदर्शकांनी ते कातडे बाजूला न ठेवता आम्हाला त्याच भोकाभोवती लिहायला लावले, ही गोष्ट मला फार आवडली. केसांकडची बाजू पिवळसर आणि सूक्ष्म ठिपक्यांची, तर मांसाकडची बाजू पांढरी व मऊ असते, आणि पोथी उघडल्यावर समोरासमोरची दोन पाने एकाच बाजूची यावीत अशा रीतीने जुज लावलेली असते, हेही तेथे घडी घालून दाखवले. चार दुमडी ताव एकात एक घालून आठ पानांचे एक जुज होते. आमच्या जुजबंदीच्या कामात आजही हाच हिशेब चालतो.

शाईचे सत्रही मन लावून केलेले होते. मायफळ कुटून रात्रभर पाण्यात भिजवायचे, गाळून घ्यायचे, त्यात हिराकस घालायचे आणि बाभळीच्या डिंकाने ती शाई धरून ठेवायची. ही तिन्ही द्रव्ये आमच्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळतात आणि आयोजकांनी ती तेथूनच आणली होती. हंसाच्या पिसाच्या लेखणीने पहिली ओळ लिहिली तेव्हा शाई पातळ चहासारखी फिकट दिसली आणि दोघा-तिघांनी ती बिघडल्याची तक्रारही केली. जेवण करून परत आलो तेव्हा तीच ओळ काळीभोर झालेली होती. ही शाई हवेने पक्व होते आणि कातड्यात मुरते. आपल्या पोथ्यांची काजळीची शाई मात्र कागदावर बसून राहते, आणि तीच चर्मपत्राच्या गुळगुळीत पृष्ठावर वापरली तर कालांतराने सुटण्याची भीती असते.

चूक दुरुस्त करण्याच्या पद्धतीतही असाच फरक आहे. आपले लेखनिक चुकीच्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत आणि त्यावर नवे अक्षर लिहीत. आपल्या बोलण्यातला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्या कामातूनच आला आहे. चर्मपत्रावर लिहिणारा मात्र डाव्या हातात सुरी धरूनच बसे. ती सुरी पान दाबून धरी, लेखणीला टोक करी आणि चुकीचे अक्षर खरवडून काढी. धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेतील हस्तलिखिते आणि समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत जपून ठेवलेली आहे. हे सारे गावात असताना कार्यशाळेत देशी पोथीचा एकदाही उल्लेख होऊ नये, याचे मला वाईट वाटले. हरताळ आणि सुरी ही दोन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी मांडली असती, तर सर्वांनाच विषय दुपटीने कळला असता.

दुसऱ्या दिवशीच्या सत्रांबद्दल मात्र काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे.

स्वरलेखनाचा इतिहास मार्गदर्शकांनी नेमका सांगितला. आरंभीच्या पोथ्यांत शब्दांच्या वर नुसत्या तिरप्या, वळणदार खुणा असत. त्यांना न्यूम म्हणतात. स्वित्झर्लंडमधील सेंट गालच्या मठातील कँटाटोरियम ही दहाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातील पोथी अशा खुणांचा फार जुना आणि पूर्ण नमुना मानली जाते. त्याच मठातील हार्टकर नावाच्या भिक्षूने ९८० पासून १०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतःला एका खोलीत कोंडून घेतले होते, आणि तेथील प्रसिद्ध अँटिफोनरी त्याच्या हातची आहे. या खुणांवरून चाल नव्याने शिकता येत नाही, ज्याला ती आधीच येते त्याला फक्त आठवण होते. आमच्या भजनाच्या वहीत अभंगाच्या डोक्यावर केवळ चालीचे नाव लिहिलेले असते आणि ज्याने ती चाल ऐकलेली नाही त्याला त्या नावाचा काही उपयोग होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील आरेझोच्या ग्विदो या भिक्षूने या खुणा रेघांवर बसवल्या. एका सुराची रेघ तांबडी, दुसऱ्याची पिवळी, आणि रेघेच्या आरंभी त्या सुराचे अक्षर, अशी त्याची योजना होती. त्यामुळे न ऐकलेले गाणेही पान पाहून गाता येऊ लागले. जे शिकायला दहा वर्षे लागत ते एका, फार तर दोन वर्षांत येते, असा त्याचा दावा होता. संत योहानाच्या स्तोत्रातील प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एकेक सूर वरून सुरू होतो हे पाहून त्याने त्या चरणांची पहिली अक्षरे, म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला, सुरांची नावे म्हणून वापरली. पुढे तेराव्या शतकापर्यंत चार तांबड्या रेघा आणि त्यांवर ठसठशीत चौकोनी स्वरचिन्हे, ही रीत रूढ झाली. रुंद टोकाच्या लेखणीला चौकोन सहज काढता येतो आणि तो लांबूनही स्पष्ट दिसतो.

एवढे सगळे उत्तम सांगितल्यानंतर आमच्या हाती जे कागद दिले, त्यांवर चारही तांबड्या रेघा छापखान्यातून छापून आणलेल्या होत्या. माझ्या दृष्टीने कार्यशाळेतील ही सर्वांत मोठी चूक आहे. पानाच्या कडेला टोचणीने समान अंतरावर भोके पाडणे, त्यांच्या आधाराने रेघा आखणे आणि चार टोके एकत्र बांधलेल्या लेखणीने चार रेघा एका दमात ओढणे, यातच या पानाचा सांगाडा आहे. सर्वसाधारणपणे शब्द आधी लिहिले जात आणि स्वर नंतर. त्यामुळे लेखनिकाला एखाद्या अक्षरावर किती स्वर येणार आहेत याचा अंदाज घेऊन, शब्दाची अक्षरे फोडून, मध्ये जागा सोडत लिहावे लागे. गाणे येत नसेल तर ही जागा सोडताच येत नाही. छापील रेघांमुळे ही अडचणही गेली आणि तिच्यातून मिळणारे ज्ञानही गेले. वेळ अपुरा होता असे कारण मला देण्यात आले, पण त्याच दिवशी सकाळचा सव्वा तास प्रास्ताविक आणि सत्कारात खर्च झाला होता.

सोन्याचे सत्र याहून जास्त निराशाजनक ठरले. शिकवलेली पद्धत अचूक होती. प्लास्टरची बारीक पूड, सफेता, सरस आणि थोडी साखर किंवा मध यांचे मिश्रण अक्षराच्या जागी उंचवट्यासारखे भरायचे, ते वाळले की गुळगुळीत करायचे, मग नळीतून त्यावर तोंडाची वाफ सोडायची म्हणजे त्यातील साखर ओलसर होऊन चिकट होते, आणि त्याच क्षणी वरख टेकवायचा. नंतर कुत्र्याच्या किंवा लांडग्याच्या सुळ्याने, नाहीतर अकीकाच्या दगडाने घोटून त्याला आरशासारखी चमक आणायची. १४०० च्या सुमाराचा इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने अशा दातांचा उल्लेख केलेला आहे. सोने नेहमी रंगांच्या आधी चढवतात, कारण वरख ओल्यासुक्या कोणत्याही रंगाला चिकटून बसतो आणि घोटणीने शेजारचा रंग खराब होतो.

हे काम हवेत ओलावा मागते. एप्रिलच्या दुपारी खान्देशात, पंखे सुरू असलेल्या सभागृहात, वाफ त्या मिश्रणावर पडताक्षणी उडून जात होती. अठरा जणांपैकी चौघांचाच वरख धड बसला. मात्र केवळ हवेला दोष देता येणार नाही. माहितीपत्रकात 'सोन्याचा वरख' असे लिहिलेले होते. जळगावच्या सराफ बाजारात काम करणाऱ्या एका सहभागी बाईंनी पेटीतील पान चिमटीत धरले, उजेडासमोर नेले आणि ते पितळेचे असल्याचे सांगितले. खरा वरख उजेडासमोर धरला की त्यातून हिरवट प्रकाश झिरपतो आणि बोटांवर चोळला तर तो नाहीसा होतो. हे पान चुरगळले आणि त्याचे तुकडे हातात राहिले. पितळी वरख जाड असल्यामुळे वाफेच्या हलक्या ओलाव्याने तो धरतही नाही. विचारल्यावर आयोजकांनी खर्चाचे कारण सांगितले. खर्चाची अडचण मी समजू शकतो, पण पत्रकात तसे लिहायला हवे होते, आणि प्रत्येकी नखाएवढा खरा तुकडा दिला असता तरी पुरेसा झाला असता.

रंगांबद्दल तक्रार नाही. शेंदूर, हिंगूळ आणि जंगाल ही द्रव्ये बंद बाटल्यांतून, विषारी असल्याची स्पष्ट सूचना देऊन, फक्त दाखवली गेली आणि प्रत्यक्ष कामासाठी निर्धोक पर्याय दिले गेले, हे योग्यच झाले. युरोपात सूक्ष्मचित्राला 'मिनिएचर' म्हणतात तो शब्द लहानपणावरून आलेला नसून शेंदराच्या लॅटिन नावावरून, म्हणजे मिनियमवरून आलेला आहे, ही माहिती ऐकून सभागृहात सर्वांनाच आनंद झाला. लाजवर्दाचा खडा हातोहात फिरवला. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघालेला हा दगड व्यापाऱ्यांच्या हातून व्हेनिसपर्यंत जाई आणि तेथून भिक्षूंच्या मेजावर येई. एकाआड एक तांबडे आणि निळे अक्षर का काढतात, याचे उत्तरही नेमके मिळाले. पुढची ओळ कोठे सुरू होते हे गाणाऱ्याच्या नजरेला शोधावे लागू नये, यासाठी ती योजना आहे.

अक्षरचित्रांचे व्याख्यान मात्र अर्धवट वाटले. पडद्यावर सोनेरी अक्षरे एकामागून एक आली. सिएना येथील कॅथेड्रलच्या पोथ्यांसाठी लिबेराले दा वेरोना आणि जिरोलामो दा क्रेमोना यांनी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या कामाचेही नमुने त्यांत होते. पण जवळजवळ प्रत्येक अक्षर पानापासून तोडून दाखवलेले होते. या पोथ्यांच्या बाबतीत असे तोडणे ही साधी गोष्ट नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर आणि नेपोलियनच्या काळात मठ बंद झाले, पोथ्या बाजारात आल्या आणि कित्येकांतील अक्षरे कात्रीने कापून चित्रे म्हणून विकली गेली. पोपच्या सिस्टाइन चॅपेलच्या पोथ्यांतून अशी कापलेली चित्रे लुइजी चेलोत्ती याने १८२५ मध्ये लंडनमध्ये लिलावाला काढली होती. कापलेल्या अक्षराच्या मागच्या बाजूला कोणत्या तरी गीताचे तीन-चार स्वर आणि अर्धा शब्द अडकून राहिलेला असतो. मोडलेली बांधणी दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे ऐकताना मला त्रास झाला, आणि व्याख्यानात मात्र तो प्रकार एका वाक्यात उरकला गेला.

याच व्याख्यानातील एक चित्र मात्र मी विसरणार नाही. जर्मनीत ओस्नाब्रुकजवळच्या रुल्ले येथील मठात गिसेला फॉन केर्सेनब्रोक नावाची एक नन होती. १३०० च्या सुमाराची एक ग्रॅज्युअल तिने लिहिली, तिच्यात स्वर भरले, पानांना क्रमांक घातले आणि ती सोनेरी अक्षरांनी व चित्रांनी सजवली, अशी नोंद त्या पोथीतच आहे. नाताळच्या दिवशीच्या मिस्साचे प्रवेशगीत 'पुएर नातुस एस्त', म्हणजे 'आम्हांसाठी बाळ जन्मले', 'प' या अक्षराने सुरू होते. तिच्या पोथीत त्या अक्षरात येशूच्या जन्माचे दृश्य आहे आणि त्याच अक्षरात गाणाऱ्या नन उभ्या आहेत. त्यांच्यातील एकीजवळ तिचे स्वतःचे नाव लिहिलेले आहे. पोथी लिहिणारी बाई त्या पोथीतून गाणारीही होती, हे तिने स्वतःच चित्रात नोंदवून ठेवले आहे.

जेवणाचा उल्लेख करायलाच हवा. पहिल्या दिवशी कळण्याची भाकरी आणि भरीत, दुसऱ्या दिवशी शेवभाजी, दोन्ही गरम आणि पोटभर.

शेवटचा अर्धा तास गायनासाठी होता. एका ग्रॅज्युअलमधील 'पुएर नातुस'चे पान मूळ आकारात, दोन फूट उंचीचे, कापडावर छापून आणलेले होते आणि ते भिंतीवर टांगले. त्याच वेळी आम्हाला त्याच पानाच्या छोट्या प्रतीही वाटल्या. दिवे मंद केल्यावर त्या छोट्या प्रती कोणालाच वाचता येईनात आणि सगळे न सांगता भिंतीसमोर अर्धवर्तुळात येऊन उभे राहिले. मी सर्वांत मागे होतो. तेथून तांबड्या रेघा, काळे चौकोन आणि फोडून लिहिलेली अक्षरे स्वच्छ दिसत होती, आणि ते मोठे सजवलेले अक्षर दिसताच गाणे कोठून धरायचे हे विचारावे लागले नाही.

या गीताच्या सुरुवातीलाच सूर एकदम पाच पायऱ्या वर जातो. अमळनेरहून आलेल्या पेटीवादक गृहस्थांनी पहिले दोन चौकोन पाहिले, मनाशी रेघा मोजल्या आणि म्हणाले, "सा वरून थेट पंचम." त्यांनी सूर दिला आणि आम्ही उचलला. लॅटिन उच्चार अडखळत होते आणि तिसऱ्या ओळीत दोनदा थांबावे लागले, तरी न ऐकलेली चाल अठरा जणांनी एका पानावरून चौथ्या खेपेला सलग म्हटली. पखवाज मढवणारे कारागीर या वेळी माझ्या शेजारी उभे होते. त्यांना रेघा वाचता येत नव्हत्या, पण समोरच्या माणसाचे बोट ज्या चौकोनावर जाई त्याकडे पाहत ते बरोबर सुरात होते.

हा अर्धा तास पहिल्या दिवशी सकाळी हवा होता. कशासाठी कातडे खरवडायचे आणि कशासाठी अक्षर मोठे काढायचे, हे त्यामुळे सर्वांना आधीच कळले असते. पुढची कार्यशाळा श्रावणात घेण्याचा आयोजकांचा विचार आहे आणि सोन्याच्या कामासाठी तो काळ नक्कीच योग्य आहे. जाणाऱ्यांनी नावनोंदणी करताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : वरख खरा आहे का, आणि रेघा हाताने आखायला मिळतील का. घोटण्यासाठी खंबातचा अकीक स्वतःचा न्यावा, कारण अठरा जणांत तीनच दगड होते. मी पुन्हा नाव नोंदवले आहे आणि चार टोकांची लेखणी घरी बांधायला घेतली आहे.